गुरगावहून संभाजीनगरला आलात, सामान लागलं पण मन लागेना: थोडं लांबलेलं उत्तर

ताई, तुमचं सगळं वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात मांडते. तुम्ही मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण बारा वर्षं गुरगावला काढली, मिस्टरांची बदली शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत झाली म्हणून मे महिन्यात संभाजीनगरला आलात. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत, सासरे सोबत, आणि तुमची नोकरी गुरगावचीच पण आता घरून लॅपटॉपवर. खोकी उघडून झाली, पडदे लागले, तरी हे शहर आपलं वाटत नाही, आमचंच काही चुकतंय का, आणि कागदपत्रांत काय राहून गेलं असेल तर तेही सांगा, असं विचारलंय.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूज एमआयडीसीत, एका कंपनीत ॲडमिनला आहे, बरीच वर्षं झाली. बदली होऊन येणाऱ्या कुटुंबांचं घर, शाळा, सामान, आरटीओ हे सगळं माझ्याच टेबलावरून जातं. होसूरहून, जमशेदपूरहून, पंतनगरहून, मानेसरहून आलेली लई माणसं बघितली. मी स्वतः परभणीची, म्हणजे हे शहर माझंही लग्नानंतरचंच.

चुकत काही नाहीये. घरातली माणसं ज्या क्रमानं रुळतात तो क्रम मी एवढ्या वेळा बघितलाय की आता आधीच सांगू शकते. ज्याला कंपनीनं आणलं तो पहिल्या आठवड्यातच रुळतो, कारण त्याला डेस्क असतं, चहाला माणसं असतात, कंपनीची बस ठरलेल्या वेळेला येते. मग मुलं, शाळा सुरू झाली की महिन्या-दोन महिन्यात त्यांचा ग्रुप होतो. मग म्हातारी माणसं, त्यांना बागेत एक बाकडं सापडतं आणि त्या बाकड्यावर त्यांच्याच वयाची चार माणसं आधीच बसलेली असतात. सगळ्यात शेवटी घरात राहणारं माणूस. आणि तुमच्या बाबतीत तर ते अजून अवघड झालंय, कारण तुम्ही दिवसभर बोलता गुरगावच्या लोकांशी, भाजी-किराणा येतो ॲपवरून, पाण्याचा जार आणणारा पोरगा दारात ठेवून जातो आणि पैसे फोनवर जातात. मग या शहराशी तुमचा संबंध येतो कुठं? मन लागायला आधी कुणाशी तरी बोलणं व्हायला पाहिजे ना.

म्हणून मी पहिली गोष्ट सगळ्यांना हीच सांगते आणि बऱ्याच जणी आधी हसतात. दिवाळीपर्यंत ॲपवरून भाजी, किराणा, दूध, औषधं मागवणं बंद करा. किराण्याचं एक दुकान, भाजीवाली एक, मेडिकल एक, पिठाची गिरणी एक, एवढं ठरवा आणि दर वेळी तिथंच जा, थोडं महाग पडलं तरी. आणि वस्तू घेऊन लगेच निघू नका, काहीतरी विचारा. ज्वारी कुठली चांगली, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा कोण, मुलीचे केस कुठं कापायचे, काहीही. इकडच्या माणसाला तुम्ही काही विचारलं की तो तुमचा होतो, नुसतं हसून 'हाय' केलं तर नाही होत. लोक म्हणतात क्लब जॉइन करा, झुंबा लावा, जरूर लावा, मी काही त्याच्या विरोधात नाही, पण तिथं तुमच्यासारख्याच बाहेरून आलेल्या बायका भेटतात आणि तासभर सगळ्या मिळून या शहराला नावं ठेवतात. असे ग्रुप मी बघितलेत, चार वर्षं झाली तरी त्यांचं तेच चाललेलं असतं.

तुम्ही काही विचारलं की उलटे प्रश्नही येतील. गाव कुठलं, घर भाड्याचं का स्वतःचं, साहेब कुठल्या कंपनीत, भाडं किती देता, सासूबाई कुठं असतात. गुरगावच्या सोसायटीत शेजारी बारा वर्षं राहून आडनाव माहीत नसतं, त्यामुळं हे नाक खुपसणं वाटेल. तसं नसतं ते. तुम्हाला कुठं बसवायचं हे समोरचा ठरवत असतो. मोकळेपणानं सांगून टाका, भाड्याचा आकडा नसेल सांगायचा तर 'कंपनी भरते' म्हणा. पुढच्या वेळी तुम्ही 'कोकणातल्या वहिनी' झालेल्या असाल आणि आंबे कधी येणार म्हणून आत्तापासून विचारणा सुरू होईल. (इकडं केसर पिकतो बरं का, मराठवाड्याच्या केसरला जीआय मानांकन पण आहे, हापूस श्रेष्ठ की केसर यावर वाद घालायची तयारी ठेवा.)

आता पाणी. शहर ओळखीचं होण्याचा खरा रस्ता इकडं पाण्यातून जातो, हे मी गंमतीनं म्हणत नाही. नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला आल्याआल्या कळलंच असेल, भागाप्रमाणं कुठं चार दिवसाआड, कुठं त्याहून जास्त. बाहेरून येणाऱ्याला वाटतं दुष्काळी भाग म्हणून. तर जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि ते भरलेलं असतानाही आमच्या नळाला असंच येतं, कारण धरणातून पाणी उचलून शहरापर्यंत आणणाऱ्या जुन्या लाईन कमी पडतात आणि शहर चारी बाजूंनी वाढत गेलं. मोठ्या नव्या पाइपलाइनचं काम बरीच वर्षं चाललंय. तोपर्यंत प्रत्येक गल्लीचा पाण्याचा दिवस असतो, आणि तो दिवस पुढंमागं होतो, आणि ते आधी कळतं फक्त माणसांकडून. तुमच्याकडं पाणी सोडणाऱ्या लाईनमनचा नंबर सोसायटीच्या सेक्रेटरीकडं असतो, नसला तर तळमजल्यावरच्या काकूंकडं नक्की असतो. त्या काकूंशी ओळख ठेवा. पाणी सुटलं की दार वाजवून सांगणारं एक तरी घर मजल्यावर असलं पाहिजे, आणि तुम्ही पण दुसऱ्या कुणाचं तरी दार वाजवलं पाहिजे, यातून ज्या ओळखी होतात त्या मी दुसऱ्या कशातून झालेल्या बघितल्या नाहीत.

तुम्ही भाग कुठला ते लिहिलं नाही. पुढं घर बदलायची वेळ आली तर टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघायच्या आधी हे विचारा: महापालिकेची लाईन आहे का फक्त बोअर, हौद किती लिटरचा, उन्हाळ्यात बोअर आटते का, टँकर लागला तर पैसे मेंटेनन्समधून का वेगळे. मालक 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही' असंच म्हणणार, म्हणून वॉचमनला विचारा, तेही मालक नसताना. बोअरचं पाणी जड असतं, खडक बेसाल्टचा आहे, गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या जाळीवर पांढरा थर बसणार, केस राठ वाटले तर शाम्पू बदलत बसू नका, शेवटचं पाणी महापालिकेच्या नळाचं घ्या.

शेंद्रा पूर्वेला जालना रोडनं आहे आणि वाळूज एकदम पश्चिमेला, मध्ये अख्खं शहर. शेंद्र्याच्या माणसासाठी सिडको, चिकलठाणा किंवा बीड बायपासची बाजू बरी पडते. आमच्याकडं एकानं स्वस्त मिळालं म्हणून वाळूजच्या बजाजनगरला फ्लॅट घेतला आणि बायकोची नोकरी शेंद्र्याला, रोज दोन वेळा शहर ओलांडायचं. सहा महिन्यांत फ्लॅट सोडला. आणि वाळूजजवळ पंढरपूर नावाचं गाव आहे, कुणी पत्ता देताना 'पंढरपूरला या' म्हणालं तर सोलापूर जिल्ह्याची बस शोधू नका, आषाढी एकादशीला मात्र तिथल्या विठ्ठलालाही तुडुंब गर्दी असते आणि तो रस्ता त्या दिवशी विसरायचा.

आता कागदपत्रं. भाडेकरार आधी बघा, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर लटकतं. उत्तरेकडं लोक अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होतात. महाराष्ट्रात तसं चालत नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. आता घरबसल्या अंगठा-फोटो घेऊन ऑनलाइन होतो, एजंट घरी मशिन घेऊन येतो. नुसता नोटरीवाला असेल तर मालकाच्या मागं लागा. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती दिली का तेही विचारा. मग त्या नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता बदला, आणि आधार झालं की बँक, लायसन्स, पासपोर्ट सगळं ओळीनं होतं. उलट्या क्रमानं करायला गेलात की प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचा कागद मागतात.

शहराच्या नावाचं पण सांगून ठेवते, कारण बाहेरून आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो. २०२३ ला छत्रपती संभाजीनगर अधिकृत झालं, रेल्वे स्टेशनचं नाव त्यानंतर २०२५ ला बदललं, पण जुन्या कागदांवर, कितीतरी वेबसाइटच्या यादीत आणि लोकांच्या बोलण्यात औरंगाबाद आहेच. फॉर्म भरताना यादीत जे नाव असेल ते निवडा आणि पिनकोड नीट टाका. एका कामाच्या सगळ्या अर्जांत मात्र एकच नाव ठेवा, अर्धं हे आणि अर्धं ते केलं की क्लार्कला निमित्त मिळतं.

गाडी हरियाणा पासिंगची आहे म्हणालात. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवीन नंबर घ्यावा लागतो, म्हणजे पुढच्या मे महिन्याच्या आत. मे मध्ये सुरू करू नका, आत्तापासून तयारीला लागा. गुरगावच्या आरटीओकडून एनओसी म्हणजे फॉर्म २८, त्यासाठी आधी सगळी चलनं भरलेली पाहिजेत आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र. तिकडं जाणं होईल तेव्हा हे उरकता येईल. इकडं एमएच-२० म्हणजे संभाजीनगरचा नंबर घेताना गाडीच्या वयाप्रमाणं महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा आणि मग हरियाणाकडं उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागायचा. तो परतावा मिळतो, पण पाठपुरावा करत राहावं लागतं, पावत्या नीट फाइल करून ठेवा. मिस्टरांच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणाऱ्या नंबरचा, विचार करा, २०२१ ला ती सुरू झाली आणि नंतर जुन्या गाड्यांनाही घेता यायला लागली. परत बदली व्हायची शक्यता असेल तर बीएचच बरी. इथंच घर घ्यायचा विचार असेल तर सरळ एमएच-२० करून टाका, रस्त्यावर हवालदार पण कमी थांबवतात.

बाकीचं पटापट सांगते. मतदार यादीसाठी नवीन नाव नोंदवायचं नाही, पत्ता बदलला म्हणून फॉर्म ८ भरायचा, नाहीतर दोन ठिकाणी नाव राहतं. गॅसचं सिलिंडर-रेग्युलेटर तिकडं जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याची पावती) घेतलं असेल तर ते इकडच्या एजन्सीला द्या, पाइप गॅस होता तर नवीन कनेक्शन. मिस्टरांच्या स्लिपमध्ये दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतील, तो व्यवसाय कर आहे, वर्षाला २५०० रुपये, हरियाणात नव्हता म्हणून मानेसरहून आलेला प्रत्येक माणूस माझ्याकडं येऊन विचारतो की पगार कामून कमी आला.

सामानात दोन खोकी अजून सापडत नाहीत असं लिहिलंय तुम्ही. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती आणि सामानाची यादी असेल, आणि यादीवर उतरवून घेताना 'दोन नग कमी' असं लिहून सही घेतली असेल, तर इन्शुरन्सकडं मागता येतं. नुसता ट्रान्सपोर्टरचा शब्द असेल तर सोडून द्या आणि मन मोकळं करा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, तरी 'नाक्यावर गाडी अडवलीय, कागद नाही, एवढे पाठवा' असे फोन येतात, आमच्याच एका कुटुंबाकडून असे पैसे काढलेत. पुढच्या बदलीच्या वेळी लक्षात ठेवा.

मुलाचं जरा सविस्तर सांगते कारण इथं चूक झाली तर महाग पडते. तो आठवीत आलाय हे लई बरं झालं. मेडिकलला महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यातून जायचं असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून लागते, अधिवासाच्या दाखल्यासोबत. बोर्ड सीबीएसई असलं तरी हरकत नाही, शाळा महाराष्ट्रात पाहिजे. इंजिनिअरिंगला नियम थोडे सैल आहेत, आईवडिलांच्या अधिवासावरही वाट निघते, म्हणून सासऱ्यांच्या आणि मिस्टरांच्या रत्नागिरीच्या शाळेचे दाखले, जन्माचे दाखले शोधून ठेवा, दरवर्षीची माहितीपुस्तिका मात्र नीट वाचायची. सांगायचा मुद्दा एवढाच की अकरावीला राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला पाठवायचं खूळ डोक्यात आलं तर हे आठवा. बारावी राजस्थानातून केली की इकडचा दरवाजा लागला. आणि तिकडं जायची गरज पण नाही, लातूर आपल्याच मराठवाड्यात आहे, अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं क्लाससाठी तिथं येऊन पडतात.

शाळेत टीसी दिली असेल, काही शाळा परराज्यातल्या टीसीवर तिकडच्या शिक्षण खात्याची सही मागतात, जुन्या शाळेला मेल टाकून ठेवा. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झालाय. तुमची मुलं घरात मराठी बोलतात आणि हिंदीमुळं देवनागरी येते, म्हणजे अर्धं काम झालंय. ट्यूशन लावू नका. सासऱ्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम मुलाला द्या, रोज एक बातमी, दोघांचा वेळ जातो आणि म्हाताऱ्या माणसाला घरात काम मिळतं. मुलगी गल्लीतून हिंदी उचलून आणेल, तीही आमच्या इकडची दखनी वळणाची, 'नक्को', 'कायकू' वगैरे. गुरगावची हिंदी असल्यामुळं तुम्हाला कसंतरी होईल, पण तिला दोस्त मिळालेत असं समजा आणि टोकू नका.

सासऱ्यांना आधी एक डॉक्टर ठरवून द्या, आजारी पडायच्या आत. जुन्या रिपोर्टची फाइल घेऊन एकदा नुसतं दाखवून या, रात्री-अपरात्री धावपळ करताना नवीन माणसाला पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. सरकारी मोठं हॉस्पिटल म्हणजे घाटी, रिक्षावाल्याला तेवढं एकच नाव सांगायचं. आणि त्यांना एसटीचं सांगा. पंच्याहत्तरच्या पुढं एसटी फुकट, पासष्ट ते चौऱ्याहत्तर अर्धं तिकीट, तुम्हाला पण बाई म्हणून अर्धं. पैठणला, वेरुळला जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. आमच्या एका इंजिनिअरचे वडील बोकारोहून आले होते, पहिले दोन महिने गॅलरीत बसून असायचे, एसटीचं कळल्यावर असे सुटले की सुनेला डबा किती वाजता करायचा ते बस स्टँडचं वेळापत्रक बघून ठरवावं लागायचं.

बाजाराचे वार पाठ करा. छावणीचा गुरुवारी, चिकलठाण्याचा शुक्रवारी, जाफरगेटचा रविवारी. एकदा तरी मिस्टरांना घेऊन जाफरगेटला जा, पिशव्या जड होतात. धान्य घ्यायला मोंढ्यात जायचं, नवीन ज्वारी आली की लोक वर्षाची भरून ठेवतात, तुम्हाला एवढी नको असेल तर शेजारणीसोबत अर्धं पोतं करा. तांदळाच्या भाकरीची सवय असलेल्या कोकणातल्या माणसाला ज्वारीची थापायला वेळ लागतो, कामाच्या मावशीकडून शिका, त्यांना जो आनंद होईल तो बघाच. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ), धपाटे, शेंगदाण्याची चटणी हे पण त्यांच्याकडूनच. मासे मिळतात, पण ते गोड्या पाण्यातले, रोहू-कटला. सुरमई-पापलेट बर्फातलं येतं. त्याचं दुःख करायचं असेल तर करा, त्यावर माझ्याकडं इलाज नाही. जुन्या शहरात नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खा, गुलमंडीत इमरती.

हवेचं तुम्हाला जड जाणार नाही. दिवाळीनंतर गुरगावसारखा तो धूर नसतो, नोव्हेंबर-डिसेंबर इकडं सगळ्यात छान. उन्हाळा कडक पण कोरडा, एसीपेक्षा कूलर चांगला चालतो, फक्त कूलरला पाणी लागतं आणि पाण्याचं वर सांगितलंच.

आता सण तोंडावर आलेत आणि तुमच्यासाठी हीच सगळ्यात मोठी संधी आहे. तुमच्याकडं तेरड्याची गौर येते, इकडं महालक्ष्म्या बसतात, मुखवट्यांच्या, साड्या नेसवून उभ्या केलेल्या, पुढं आरास, आणि प्रत्येक घरी हळदीकुंकवाला बोलावतात. जिन्यात भेटलेली बाई 'या बरं का आमच्याकडं' म्हणाली तर ते औपचारिक नसतं, खरंच जायचं असतं. ऑफिसचा कॉल असेल तर त्या दिवशी अर्धी सुट्टी टाका. पाच घरी जाऊन आलात की पाच जणी तुमच्याकडं येणार, आणि त्यातली एखादी तुमची होईल. तुमच्या घरी कोकणातली गौर असेल तर तशीच बसवा, इकडच्यासारखी करायला जाऊ नका. ती वेगळी आहे म्हणूनच बघायला गर्दी होईल.

१७ सप्टेंबरला मुलांच्या शाळेत झेंडावंदन असेल, गुरगावकरांना कळत नाही की पंधरा ऑगस्ट तर होऊन गेला. हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. देश १९४७ ला स्वतंत्र झाला पण आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, आम्हाला १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. सासऱ्यांना घेऊन सकाळी शाळेत जा, तिथं एखाद्या आजोबांकडून रझाकारांच्या काळातलं त्यांच्या घरचं ऐकायला मिळालं तर मुलांना पुस्तकात न मिळणारा इतिहास मिळेल. मग नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा, पाळणे, खेळणी, धूळ, गर्दी, मुलीला न्याच. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री अर्धं शहर खुलताबादला भद्रा मारुतीला पायी निघतं, बिल्डिंगमधला ग्रुप जात असेल तर मिस्टरांना पाठवा.

गुरगावहून मैत्रिणी येतो येतो म्हणत असतील, हिवाळ्यात बोलवा, फक्त वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद हे त्यांना तिकीट काढायच्या आधी सांगा. आणि हुरड्याच्या दिवसांत बोलवा, डिसेंबर-जानेवारीत, तोपर्यंत कुणाच्या तरी शेतावरचं आमंत्रण तुम्हाला आलेलं असेलच.

तुमच्या नोकरीबद्दल एकच सांगते. सगळा दिवस कॅमेऱ्यासमोर जात असेल तर सकाळचा एक तास तरी घराबाहेर ठरलेल्या जागी घालवा. विद्यापीठाच्या परिसरात, गोगाबाबा टेकडीवर फिरायला जाणारे रोज तेच ते चेहरे असतात, पंधरा दिवसांत नमस्कार सुरू होतो. आणि गुरगावच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. सोडू नका, सोडलं की त्यांनाही वाईट वाटतं, पण तिथली लिफ्ट बंद पडली, पार्किंगवरून भांडण झालं हे तुम्हाला रोज कशाला कळायला पाहिजे.

पहिल्या दिवाळीला गुरगावला जायचं का, यावर माझं मत विचारलंत तर नको. रत्नागिरीला चार दिवस जाऊन या, पण लक्ष्मीपूजन इथल्या घरात करा आणि फराळाची ताटं मजल्यावर फिरवा. तिकडची कामं, एनओसी वगैरे, जानेवारीत करता येतात. सचखंड एक्सप्रेस इथून थेट दिल्लीला जाते, रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, थंडीत धुक्यानं लेट होते तेवढं धरून चाला. गाडी कर्जावर आहे का आणि घर कुठल्या भागात आहे ते कळवा, म्हणजे एनओसीला नेमके कुठले कागद लागतील आणि तुमच्या बाजूला पाण्याचं काय आहे ते बघून सांगते.